चतुर्थीचा चंद्र

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या रात्री चंद्राकडे पाहू नये, असे आपल्याकडे सांगतात. त्या रात्री चंद्र दृष्टीस पडला, तर पाहणाऱ्यावर चोरीचा आळ येतो, असा समज आहे. लहानपणी गणपतीच्या आरतीला निघालेली आम्ही मुले त्या संध्याकाळी माना खाली घालून चालत असू. एखादा खोडकर सोबती मध्येच "तो पाहा चंद्र!" म्हणून ओरडे आणि आम्ही डोळे गच्च मिटून एकमेकांवर आदळत असू. पुढे चार पुस्तके वाचल्यावर त्या समजुतीत काही तथ्य नाही, हे कळले. माझ्या बाबतीत तर तिचा क्रमच उलटा झाला होता. आळ माझ्यावर आधी आला. चंद्र मी नंतर पाहिला, आणि तोही मुद्दाम.

ही गोष्ट मी बारा वर्षांचा होतो तेव्हाची, म्हणजे १९७१ च्या सुमारासची आहे. नागपूरच्या महाल भागात एका जुन्या वाड्यात आम्ही राहत होतो. मधोमध फरसबंद चौक, चौकात तुळशीवृंदावन आणि पाण्याचा एकच नळ, भोवती सात बिऱ्हाडे. एका घरी भांडे पडले, तर सातही घरी ऐकू जाई. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा मुलगा गणितात नापास झाला, कोणाच्या घरी महिनाअखेर साखर संपली, हे सारे सर्वांना ठाऊक असे. वडील सीताबर्डीवरच्या एका दुकानात हिशेब लिहीत. आई, आजी, वडील आणि मी अशी आमची चार माणसे.

विदर्भात पोळ्याचे कौतुक मोठे. श्रावणी अमावास्येला बैलांना न्हाऊमाखू घालतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झुली चढवतात आणि तोरणाखाली उभे करतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, अशी आख्यायिका आहे. मुले आपापला लाकडी बैल, म्हणजे नंदी, सजवून घरोघर नेतात. घरची बाई नंदीची पूजा करते आणि मुलाच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवते. त्याला आम्ही बोजारा म्हणतो. त्या काळी बोजारा म्हणजे पाच पैसे, फार तर दहा. संध्याकाळपर्यंत खिशात साठ-सत्तर पैसे जमले, की आम्ही स्वतःला सावकार समजत असू.

आमच्या वाड्यात माडीवर राहणाऱ्या काकूंकडे एक नंदी होता. तो त्यांच्या माहेराहून आला होता. शिसवी लाकडाचा, चांगला हातभर उंच, चकचकीत काळा. आणि त्याच्या गळ्यात चांदीच्या घुंगरांची माळ. वर्षभर तो कापडात गुंडाळलेला असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाहेर निघे आणि तान्हा पोळा झाला की पुन्हा पेटीत जाई. आमचे नंदी आंब्याच्या लाकडाचे, बेगड चिकटवलेले, एखाद्याचे चाक मोडलेले. त्या काळ्या नंदीपुढे ते फारच केविलवाणे दिसत. ती घुंगरे एकदा हातात घेऊन वाजवावीत असे मला वाटत असे, हे मी आजही नाकारत नाही.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी आम्ही मुले काकूंकडे गेलो. त्यांनी आमच्या नंद्यांना कुंकू लावले, गूळ-पोहे दिले. मला ठसका लागला. "आत माठ आहे, पाणी घे जा," असे काकूच म्हणाल्या. माठ आतल्या खोलीत होता आणि त्याच खोलीत पाटावर तो शिसवी नंदी मांडला होता. मी पाणी प्यालो, नंदीकडे क्षणभर पाहिले आणि बाहेर आलो. त्याला हातसुद्धा लावला नाही. हात लावला तर घुंगरे वाजतील आणि काकू रागावतील, ही भीती होती.

मग आम्ही कल्याणेश्वराच्या देवळाच्या बाजूला निघालो. तेथे धोतर-टोपी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला थांबवले. माझा चाक मोडका नंदी त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आपल्या लहानपणी आपल्याकडेही असाच नंदी होता, असे ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातावर रुपयाचे नाणे ठेवले. मी त्यांना नमस्कार केला. ते कोण, कोठले, हे विचारण्याचे मला सुचले नाही. माझ्या सोबतीची मुले तेव्हा पुढे निघून गेली होती.

दिवेलागणीला माडीवर गलका झाला. नंदीच्या गळ्यातील माळ नाहीशी झाली होती. आतल्या खोलीत कोण गेले होते? एकच नाव निघाले. मला वर बोलावण्यात आले. सातही बिऱ्हाडांतील माणसे जिन्यावर आणि माडीवर जमली होती. माझे खिसे पाहण्यात आले आणि त्यांतून पासष्ट पैसे व एक रुपया निघाला.

"हा रुपया कोठला?"

मी सांगितले. ऐकून कोणीतरी हसले. "अनोळखी माणूस रस्त्यात थांबवून रुपया देतो होय! आम्हांला नाही कधी भेटला असा दाता!"

ती माळ पाच तोळ्यांची होती. पाच तोळे चांदी एका रुपयाला विकत घेणारा सराफ इतवारीत तरी सापडला असता काय? परंतु हा प्रश्न तेथे जमलेल्यांपैकी एकालाही पडला नाही. त्यांत हिशेब लिहून पोट भरणारे माझे वडीलही होते.

शेजाऱ्यांच्या बोलण्याने मला रडू आले. पण त्या रात्री जे मनाला लागले, ते निराळेच होते. खाली आल्यावर आईने मला जवळ घेतले, पदराने माझे तोंड पुसले आणि अगदी मऊ आवाजात ती म्हणाली, "बाळ, खरं सांग. मी मुळीच रागावणार नाही."

या वाक्यात प्रेम नव्हते, असे मी कसे म्हणू? पण तेवढ्यात मला समजून चुकले, की आईच्या मनातला निकाल लागून गेला आहे. आता केवळ कबुली तेवढी राहिली आहे. तिने मला मारले असते, तर मी आरडाओरडा करून "मी नाही घेतली" असे शंभरदा सांगितले असते. त्या मऊ आवाजापुढे माझी वाचाच बसली. मी गप्प राहिलो. आणि गप्प राहिलो म्हणून मी चोर ठरलो. "पाहा, आता एक अक्षर तरी बोलतो का!" असे कोणीतरी दाराबाहेर म्हणाले, ते मी ऐकले.

वडिलांनी मला शिक्षा केली नाही. ते अंगात सदरा घालून माडीवर गेले. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर अंधारात बसून होतो. "वहिनी, पोर आहे, चुकलं. जी काय किंमत होईल ती मी भरून देईन," असे त्यांचे शब्द मला ऐकू आले. तीस रुपये ठरले, तीन हप्त्यांत. माझ्या वतीने माझ्या वडिलांनी गुन्हा कबूल केला होता. ते खाली उतरले, तेव्हा पायरीवर मी बसलेला त्यांना दिसलो. पण माझ्याकडे न पाहता ते आत गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते विस्ताराने सांगत नाही. मी चौकात आलो की कोणी वाळत घातलेले कपडे मोजी, कोणी दाराला कडी घाली. वाड्यातील मुलांनी तर एक नवाच खेळ काढला. नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच मारबतीची मिरवणूक निघते. बांबू, कागद आणि कापड यांची काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड बाहुल्या आणि त्यांच्यामागे वाईट चालीरीतींचे, अन्यायाचे पुतळे, ज्यांना बडगे म्हणतात, असे सारे वाजतगाजत नेऊन जाळतात. रोगराई, महागाई, जे जे नकोसे असेल, ते मारबतीने आपल्याबरोबर घेऊन जावे, अशा आरोळ्या लोक देतात. मुलांनी त्या आरोळीत माझे नाव घातले. मी नळावर गेलो की ती आरोळी सुरू होई आणि मोठी माणसे ती ऐकून न ऐकल्यासारखे करीत.

चतुर्थीला गणपती आले. आरतीला मी गेलो नाही. रात्री पाऊस थांबून पश्चिमेकडचे ढग फाटले होते. मी एकटाच गच्चीवर गेलो. चंद्राची कोर कौलांवर टेकली होती. तिच्याकडे मी डोळे भरून पाहिले. आळ येऊन गेलाच होता. आता ती कोर माझे आणखी काय करणार होती? एवढी निवांत, मनाजोगती वेळ मला त्या आठवड्यात दुसरी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे मी आजीला सांगितले. ती घाबरली. चंद्र पाहिल्याच्या दोषावर उतारा म्हणून स्यमंतक मण्याची कथा ऐकवतात. तिने त्याच दिवशी पोथी काढली आणि मला समोर बसवले.

कथा तुम्हांला ठाऊक असेल. सूर्याने सत्राजिताला स्यमंतक मणी दिला होता. श्रीकृष्णाने तो उग्रसेन राजासाठी मागितला. सत्राजिताने दिला नाही. पुढे त्याचा भाऊ प्रसेन तो मणी गळ्यात घालून शिकारीस गेला आणि परतला नाही. झाले! कृष्णाने मणी मागितला होता ना? मग मण्यासाठी प्रसेनाला त्यानेच मारले असणार, अशी कुजबूज द्वारकेत सुरू झाली. तेव्हा कृष्ण काही नागरिकांना बरोबर घेऊन पावलांचे माग काढीत रानात गेला. प्रसेनाला सिंहाने मारले होते, सिंहाला जांबवानाने. जांबवानाच्या गुहेत शिरून, त्याच्याशी युद्ध करून कृष्णाने मणी परत आणला. तो त्याने सत्राजिताच्या घरी गुपचूप पोचवला नाही. सत्राजिताला त्याने सभेत बोलावले, सर्वांसमक्ष घडलेली हकीकत सांगितली आणि मग मणी त्याच्या हाती दिला.

बहुतेकांना एवढीच गोष्ट आठवते. पण आजीने पुढेही वाचले. पुढे शतधन्व्याने सत्राजिताला मारून मणी पळवला. कृष्ण आणि बलराम यांनी त्याचा पाठलाग केला. शतधन्वा मारला गेला. परंतु त्याच्याजवळ मणी निघाला नाही, कारण तो त्याने अक्रूराकडे ठेवला होता. कृष्णाने येऊन बलरामाला तसे सांगितले, तर बलरामालाच ते खरे वाटेना! कृष्णाने मणी लपवला असावा, असे त्याच्या मनात आले आणि तो रागावून मिथिलेत जाऊन राहिला.

"आजी, बलराम तर सख्खा भाऊ ना? त्यालाही खरं वाटलं नाही?" मी विचारले.

आजीने पोथीवर हात ठेवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो तर देवच होता रे. आपण साधी माणसं." आणि तिने पोथी मिटली. त्या दिवशी पुढची कथा वाचायची राहिली.

दिवाळी आली. त्या दिवाळीत एक नवल घडले. आमच्या घरी कपड्यांखेरीज दुसरी खरेदी कधी होत नसे. त्या वर्षी वडिलांनी माझ्यासाठी नवी कंपासपेटी आणि चामड्याच्या चपला आणल्या. त्यांनी त्या माझ्यासमोर ठेवल्या आणि "पाहा होतात का," एवढेच म्हटले. माझ्यावर ठेवलेल्या आळाचे हप्ते अजून फिटायचे असतील, मग हा खर्च कशासाठी, हे मला उमगले नाही.

ते उमगले पुढच्या पोळ्याला. तान्ह्या पोळ्याला जाण्याची मला इच्छा नव्हती. आईने आग्रहाने पाठवले. माडीवर मी दाराबाहेरच उभा राहिलो. आतल्या खोलीत तो काळा नंदी पाटावर उभा होता, आणि त्याच्या गळ्यात ती माळ होती! तीच माळ. एक घुंगरू चेपलेले होते, बाकी सारी जशीच्या तशी. माझे पाय तेथेच खिळले. काकूंची पाच वर्षांची मुलगी मोठ्या उत्साहाने मला सांगू लागली, "दिवाळीला चुना देताना कोठीमागं सापडली. उंदरानं नेली होती. दोऱ्याला गूळ लागला होता ना!"

म्हणजे माळ दिवाळीपूर्वीच सापडली होती. दिलेले पैसे काकूंनी वडिलांना परत केले होते. त्याच पैशांच्या चपला माझ्या पायांत होत्या. आणि ऑक्टोबरपासून पुढच्या पोळ्यापर्यंत, दहा महिने, मला कोणी काही सांगितले नव्हते. ज्या जिन्यावर उभे राहून सात बिऱ्हाडांनी माझे खिसे पाहिले, त्या जिन्यावर उभे राहून "हा चोर नव्हे" असे सांगण्याची आठवण एकालाही झाली नव्हती. वाड्यातील निम्म्या लोकांना तर माळ सापडल्याचे ठाऊकही नव्हते. ते मला चोरच समजत राहिले. त्यांतले काही तसेच समजत वारलेही असतील.

मी खाली येऊन आईला विचारले. ती पोळी लाटत होती. तिचा हात थांबला. "तुझ्या बाबांना बोलायचं होतं रे," ती म्हणाली. "दोनदा तुझ्याजवळ येऊन बसले. पण त्यांना बोलताच आलं नाही." आईला स्वतःला बोलता आले नाही, हेही तिने त्यातच सांगून टाकले असावे. वडिलांवर माझा राग होता, तो पुढे वयाबरोबर विरला. बारा वर्षांच्या मुलासमोर "माझं चुकलं" असे म्हणण्याची रीत त्यांच्या पिढीत नव्हती. त्यांनी चपला आणल्या. पण चपला घातल्याने चौकातली ती आरोळी बंद झाली नाही, हेही तितकेच खरे.

शिक्षक झाल्यावर नागपूरच्या जुन्या इतिहासाचा मला नाद लागला. काळी मारबत मी त्यानंतर पूर्वीच्या डोळ्यांनी पाहू शकलो नाही. ती १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगतात. काळी मारबत म्हणजे भोसल्यांची राणी बाकाबाई. इंग्रजांना सामील झाली म्हणून तिला दरवर्षी जाळतात, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. बाकाबाई दुसऱ्या रघूजींची राणी. हा आरोप निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. १८५७ च्या धामधुमीत तिने आपले वजन इंग्रजांच्या बाजूने खर्च केले, अशी नोंद आहे. परंतु तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, डलहौसीने पुढच्या वर्षी राज्य खालसा केले आणि वाड्यातील चीजवस्तू बाहेर काढून विकायला आरंभ केला, तेव्हा वाड्याला आग लावून देईन, पण सामान नेऊ देणार नाही, असे इंग्रजांना बजावणारी वृद्ध राणीही हीच. हे त्या मिरवणुकीत कोण सांगणार? ते जाड पुस्तकांत पडून आहे. मारबत सुरू झाली, त्यापूर्वीच ती हे जग सोडून गेली होती. आपली बाजू मांडायला ती उरलीच नव्हती. मिरवणूक बंद करावी, असे माझे म्हणणे नाही. ती पाहायला मी अजूनही जातो. फक्त ढोल वाजू लागले की मला आमचा जिना आठवतो.

याच सुमारास फ्रान्समधील कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस याची हकीकत माझ्या वाचनात आली. शत्रूला लष्करी गुपिते पुरवल्याच्या खोट्या आरोपावरून त्याला १८९४ साली दोषी ठरवले. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या लष्करी शाळेच्या प्रांगणात, सैनिकांच्या रांगांसमोर त्याच्या गणवेशावरची पदचिन्हे उपटून काढली आणि त्याची तलवार मोडली. बाहेर लोकांचा जमाव त्याच्या नावाने ओरडत होता आणि आत तो "मी निरपराध आहे" असे ओरडून सांगत होता. नंतर त्याला दूरच्या डेव्हिल्स बेटावर डांबले. सारा देश त्याच्या विरुद्ध. पण त्याची पत्नी ल्यूसी आणि भाऊ मात्य यांचा त्याच्यावरचा विश्वास क्षणभरही ढळला नाही. भाऊ वर्षानुवर्षे दारोदार हिंडला. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोला या थोर कादंबरीकाराने वृत्तपत्रात राष्ट्राध्यक्षांना उद्देशून जळजळीत पत्र लिहिले आणि त्याबद्दल खटलाही ओढवून घेतला. अखेर १२ जुलै १९०६ रोजी न्यायालयाने ड्रेफसला निर्दोष ठरवले आणि नऊच दिवसांनी त्याच लष्करी शाळेच्या आवारात समारंभपूर्वक त्याच्या छातीवर सन्मानपदक लावण्यात आले. हे वाचताना मला त्याच्या दुःखापेक्षा त्याच्या भावाचा हेवा वाटला, हे कबूल करतो. माझे दुःख त्याच्यापुढे राईएवढे. पण राई डोळ्यांत गेली तरी डोळा चुरचुरतोच.

इतके सोसलेला आणि इतके वाचलेला मनुष्य दुसऱ्यावर कधी खोटा आळ घेणार नाही, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

मी मुख्याध्यापक होऊन दोन वर्षे झाली होती. सेवाग्रामच्या सहलीसाठी सातवीच्या वर्गाने जमवलेल्या पैशांचे पाकीट वर्गशिक्षकांच्या टेबलातून नाहीसे झाले. सहाशे चाळीस रुपये होते. मधल्या सुटीत वर्गात एकच मुलगा थांबला होता. तो शहराच्या कडेच्या पारधी बेड्यावरून चालत शाळेत येत असे. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी त्याला पुढे बोलावले आणि साऱ्या शाळेसमोर त्याचे दप्तर उघडायला लावले. दप्तरात दोन वह्या, एक फाटके पुस्तक आणि फडक्यात बांधलेली भाकर निघाली. मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत मऊ आवाजात म्हणालो, "खरं सांग बाळ, मी मुळीच रागावणार नाही."

शब्द तोंडातून गेले आणि ते कोणाचे आहेत, हे माझ्या ध्यानात आले. परंतु तोवर तो मुलगा गप्प झाला होता. गप्प कसे व्हायचे असते, ते मला ठाऊक होते.

वर्गात थांबलेला मुलगा दुसऱ्या वस्तीतला असता, तर मी त्याचे दप्तर असे उघडवले असते का? इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा स्वतंत्र भारताने रद्द केला. इतिहासाच्या तासाला हे मी मुलांना शिकवीत असे. माझ्या मनात मात्र तो कायदा अजून चालू होता, हे त्या दिवशी मला दिसले.

आठ दिवसांनी पाकीट सापडले. घाईघाईत ते वर्गशिक्षकांकडूनच एका जाड हजेरीपटात गेले होते आणि हजेरीपट कपाटात. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी त्या मुलाला पुन्हा पुढे बोलावले. तो आला तो दप्तर घेऊनच आला आणि न सांगता त्याचे बंद सोडू लागला. मी त्याचा हात धरला. "पैसे सापडले आहेत. याने काही घेतले नव्हते. मी चुकलो आणि याची क्षमा मागतो," असे मी साऱ्या शाळेसमोर सांगितले. माझा आवाज त्या वेळी नीट निघत नव्हता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलाच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही.

शाळा सुटल्यावर तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, हे माझ्या मायला सांगाल का?"

"का रे? तिला कळलं नाही का?"

"तिचा माझ्यावर भरोसा नाही बसला," तो म्हणाला. "आठ दिवस झाले, बोलत नाही."

मी टोपी घातली आणि त्याच्याबरोबर निघालो. वाटेत तो माझ्यापुढे दहा पावले चालत होता. बेड्यावर आम्ही पोचलो, तेव्हा दिवस मावळायला आला होता. त्याची आई झोपडीपुढे चूल पेटवत होती. मला पाहून ती दचकून उभी राहिली. मुलाने आणखी काही केले की काय, असे तिला वाटले असावे. मी तिला सर्व सांगितले. ती ऐकत राहिली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "म्या तर म्हटलं, शाळेतले मास्तर खोटं कसं बोलतीन!"

यावर काय बोलावे, ते मला सुचेना. मुलगा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. आजूबाजूच्या झोपड्यांतून माणसे बाहेर येऊन दूर उभी राहिली होती. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा मुलाकडे.

"गुरुजी," ती म्हणाली, "आता सांगितलं ना, थेच जरा मोठ्यानं सांगा. त्या घरायलेही ऐकू गेलं पाहिजे."

मी चार पावले पुढे होऊन सर्वांना दिसेन असा उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगू लागलो.